कवळीला लागलेलं पाप

गॅरेजमागच्या जुन्या गोदामासमोर सकाळपासून रांग लागली होती, आणि रांगेतला प्रत्येकजण शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघत होता. प्रेमानं नव्हे. खालची पापणी बोटानं ओढायची, मान तिरकी करायची आणि भाजीवाल्याकडची वांगी पारखावीत तसं तोंड करायचं. कुणी म्हणे, तुमचे जरा पिवळट आहेत हं. कुणी म्हणे, माझे निळसर निघाले तर बायकोला काय तोंड दाखवू. एक गृहस्थ तर घरून काळा चष्मा लावून आले होते, आणि त्यामुळे त्यांनी नक्कीच काहीतरी मोठं केलं असणार, यावर रांगेचं एकमत झालं होतं.

आत बसले होते नेत्रमहाराज. महाराजांचं शास्त्र सोपं होतं. बुबुळ देव देतो, भोवतीचा पांढरा भाग माणूस आपल्या कर्मानं मळवतो. पिवळा दिसला तर साचलेला राग, लाल दिसला तर खोटेपणा, निळसर म्हणजे मत्सर, करडा म्हणजे आळस. संपूर्ण शुद्ध पांढरा डोळा महाराजांनी आजवर एकच पाहिला होता, आणि तो पाहायला त्यांना आरसा लागला होता.

शुद्धीची रीत अशी. माणूस आत गेला की शिष्य त्याला गळ्यापासून पायापर्यंत गडद तपकिरी शाल गुंडाळायचा. मग तोंड घट्ट मिटायचं, कारण तोंड उघडलं की दोष जिभेवर उतरतो. मग पहिल्या आरशासमोर बसायचं, त्याचं नाव दोषदर्पण. त्यात बघितलं की डोळे पिवळट दिसायचेच दिसायचे. महाराज हळहळायचे, मंत्र पुटपुटायचे, डोळ्यांत निर्मळजलाचे थेंब टाकायचे आणि माणसाला पडद्यापलीकडे दुसऱ्या आरशासमोर, म्हणजे मोक्षदर्पणासमोर बसवायचे. तिथे तेच डोळे लख्ख पांढरे. माणूस बाहेर यायचा तो पापण्या फाडफाडून, जगाला आपलं चारित्र्य दाखवत.

आता अशा गोष्टी लोक ऐकतात, हसतात आणि सोडून देतात. याही वेळी तसंच झालं असतं. पण नजरमावशींनी शिक्का मारला आणि सगळा घोळ झाला.

नजरमावशी पांढरे शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात होत्या. त्यांचं काम पांढऱ्याला पांढरं जुळवण्याचं. ऐकणाऱ्याला हा फुकटचा पगार वाटतो. पण शर्टाच्या अंगाचं कापड एका ताग्यातलं, कॉलर दुसऱ्यातली, कफ तिसऱ्यातले. कारखान्यात सगळे पांढरे दिसतात, आणि गिऱ्हाइकानं शर्ट घालून उन्हात पाऊल टाकलं की कॉलर दुधासारखी आणि पाठ सायीसारखी. मावशींच्या हातून असा शर्ट कधी सुटला नव्हता. खांद्याला टाचणीनं लावलेली नमुन्याची चिंधी काढायच्या, कापड घेऊन दारात जायच्या, दिवसाच्या उजेडात दोन्ही शेजारी धरायच्या. पांढरं कधी एकटं बघायचं नाही, हा त्यांचा नियम. नव्या मुलींना त्या पहिल्याच दिवशी तो ऐकवायच्या, आणि पुढे रोज ऐकवायच्या. त्या "पास" म्हणाल्या की माल पास, आणि एकदा पास केलेला गठ्ठा त्या पुन्हा उघडत नसत.

त्यांची सून त्याच कारखान्यात काजं करायची. महिनाभर तिचं काही ठीक नव्हतं. जेवण समोर आलं की मळमळायचं, जिना चढली की बसायची, अंगाला खाज यायची. डोळेही पिवळे दिसायला लागले होते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून बघितलं, कावीळ वाटते म्हणाल्या आणि रक्त तपासून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं ठरलंही होतं. पण त्या संध्याकाळी कारखान्याच्या शेठनी मावशींना बोलावून घेतलं. शेठ नुकतेच शुद्ध होऊन आले होते आणि डोळे मोठे करून बसले होते. सुया नंतरही टोचता येतील, ते म्हणाले, आधी महाराजांना दाखवा. आणि तुमच्यासारख्या पारखी बाईनं एकदा बघावंच.

पारखी म्हटल्यावर मावशी विरघळल्या. शिवाय मनात होतं की जाऊन महाराजांची फजिती करावी. पांढऱ्याच्या बाबतीत आपल्याला कोण फसवणार.

महाराजांनी सूनबाईच्या डोळ्यांत बघितलं, डोळे मिटले आणि एक लांब उसासा सोडला. "सासूबद्दलचा राग साचलाय," ते म्हणाले. सूनबाई बिचारी कानकोंडी झाली. तसं काही नाही हो आई, असं ती हळूच पुटपुटली, आणि शिष्यानं तिला तोंड मिटायला लावलं. मावशींना मात्र ते निदान लगेच पटलं, कारण रागाची दोन-चार कारणं त्यांना स्वतःलाच आठवली.

मग थेंब, मग पडदा, मग मोक्षदर्पण. मावशींनी सुनेच्या मागे उभं राहून, मान वाकवून आरशात निरखून बघितलं. पिवळेपणाचा मागमूस नव्हता. त्यांनी स्वतःचेही डोळे दोन्ही आरशांत बघून घेतले. पहिल्यात जुन्या लोण्यासारखे, दुसऱ्यात धुतलेल्या पॉपलिनसारखे. नमुन्याची चिंधी शालीखाली दबली होती, ती काढावी असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्या जी नजर कापडाला लावत, ती त्या दिवशी भलतीच स्वतःवर खूश होती.

"पास," मावशी म्हणाल्या.

तो शब्द दुसऱ्या दिवशी कारखानाभर झाला, तिसऱ्या दिवशी बाजारभर. नजरमावशींना पांढरं दिसलं म्हणजे पांढरंच असणार. रांग गॅरेजच्या पुढे गेली. शेठनी तर कारखान्याच्या दारात डोळे तपासायला सुरुवात केली. कटिंगच्या टेबलावरची बाई दिवसभर कापडाचा भुगा डोळ्यांत घेऊन काम करायची, तिचे डोळे कायम लाल. तिनं आईच्या आजारपणासाठी रजा मागितली तेव्हा शेठ तिच्या डोळ्यांकडे बघून नुसते हसले आणि रजा नाही म्हणाले. लाल डोळ्यांच्या माणसाला आई तरी खरी असते का, असं ते नंतर कारकुनाला म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं.

रक्त तपासायला कुणी गेलं नाही. पांढरे झालेत तर कशाला जायचं. सूनबाई मात्र दिवसेंदिवस खंगत चालली. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, तो एका रविवारी घरी आला आणि चहा घेताना म्हणाला, आई, मला अजून पिवळेच दिसतात हिचे डोळे. मावशी वरही न बघता म्हणाल्या, मी पास केलंय. मुलानं चहा संपवला. त्या घरात पांढऱ्यावरून मावशींशी वाद घालायची रीत नव्हती. आणि खरी गोष्ट ही, की त्या दिवसानंतर मावशींनी सुनेच्या डोळ्यांत एकदाही नीट बघितलं नव्हतं. पास झालेला गठ्ठा कोण उघडतं.

गुण येईना म्हणून मावशी पुन्हा महाराजांकडे गेल्या. महाराजांकडे उत्तर तयार होतं. घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी दोष हिच्यावर उलटतोय, ते म्हणाले, सगळ्या कुटुंबाला आणा. मुलगा गाडीवर होता. राहिले मावशींचे यजमान, म्हणजे काका.

यजमान निवृत्त बसकंडक्टर होते. उभी हयात त्यांनी "पुढे सरका" सांगण्यात घालवली होती आणि निवृत्तीनंतर सगळी उरलेली वाक्यं बोलून घ्यायचा त्यांनी चंग बांधला होता. त्यात नुकतीच त्यांना नवी कवळी बसली होती, वरची आणि खालची, चिनीमातीच्या कपासारखी पांढरीशुभ्र. तेव्हापासून काका कारण नसताना हसत. दूधवाला, पोस्टमन, अनोळखी लहान मुलं, कुणाचीही त्यातून सुटका नव्हती. महाराजांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण सुनेवर जीव होता. तिला पायऱ्या चढताना भिंत धरावी लागते, हे त्यांनी त्या सकाळी बघितलं होतं, आणि त्यानंतर ते घरात एक शब्द बोलले नव्हते, जे फार वाईट लक्षण होतं.

गोदामात तिघांनाही शाली गुंडाळण्यात आल्या. काकांना दोषदर्पणासमोर बसवलं. तोंड मिटा, शिष्य म्हणाला. काकांनी मिटलं. महाराज बोलायला लागले.

"या डोळ्यांत मला एक गाडी दिसते. गाडीत माणसं उभी आहेत. आणि हा माणूस त्यांच्यावर ओरडतोय. तो राग, तो सगळा राग इथे साचलाय."

काकांच्या शालीत हालचाल झाली. ओरडणं हे त्यांचं कर्तव्य होतं, राग नव्हे, आणि याबद्दल त्यांचं एक मोठं भाषण तयार होतं. ते त्यांनी बराच वेळ गालांत धरून ठेवलं. गाल फुगले, कान लाल झाले. शेवटी महाराज म्हणाले की या माणसानं आयुष्यात कुणाला बसायला जागा करून दिली नाही, आणि तेव्हा बांध फुटला. काकांनी तोंड उघडलं. पण भाषण बाहेर आलंच नाही, कारण समोरच्या आरशात त्यांचे दात दिसले आणि ते दात पिवळे होते.

काका तसेच आ वासून बसले. मग त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, ओठ वर ओढला. पिवळे. त्यांना वाटलं दाताच्या डॉक्टरनं फसवलं. त्यांनी शालीतून हात काढला, खालची कवळी तोंडातून उपसली आणि नाकासमोर धरून बघितली. हातातली कवळी पांढरीशुभ्र. आरशातली कवळी पिवळी. त्यांनी पुन्हा हातात बघितलं, पुन्हा आरशात.

"अगं," ते मावशींना म्हणाले, आणि खालचे दात नसल्यामुळे ते निम्मं वाऱ्यात गेलं, "अगं, ही फघ. हिला फाप कछं लागलं?"

रांगेतले पुढचे लोक दारातून डोकावत होते, त्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं. शिष्यानं कवळी हिसकावून घ्यायचा प्रयत्न केला, पण कंडक्टरच्या हातातून आजवर तिकिटाचं बंडलसुद्धा कुणाला घेता आलं नव्हतं. महाराज मात्र डगमगले नाहीत. वस्तूंनाही संस्कार होतात, त्यांनी समजावून सांगितलं. या मुखातून आयुष्यभर जे अपशब्द गेले त्यांचा लेप कवळीवर बसला आहे, आणि तो फक्त दिव्य आरशालाच दिसतो.

"कवळी घेऊन अजून महिना नाही झाला," मावशी म्हणाल्या.

त्या हे बोलल्या ते अगदी हळू. त्यांचं लक्ष कवळीवर नव्हतंच. आरशात तिघांचे चेहरे होते, शाली होत्या, मागचा गडद पडदा होता. कवळी सोडली तर पांढरं असं कुठेही काही नव्हतं, फक्त डोळे. शाल कशाला, तोंड मिटायचं कशाला, हे त्यांना एकाच क्षणात कळलं. पांढरं एकटं होतं. इतकी वर्षं नव्या पोरींच्या डोक्यात जे ठोकून बसवलं, तेच आपण विसरलो.

त्यांनी शाल खाली टाकली. खांद्यावरची चिंधी काढली आणि दोषदर्पणासमोर धरली. आरशातली चिंधी पातळ चहात बुडवून वाळवल्यासारखी दिसत होती. मग त्या पडद्यापलीकडे गेल्या. मोक्षदर्पणात तीच चिंधी निळसर, चिमूटभर नीळ जास्त पडल्यासारखी. चिंधीनं आजवर कुणावर राग धरला नव्हता आणि तिला मोक्षही कुणी दिला नव्हता.

मावशींनी मोक्षदर्पण उचललं, सरळ दाराबाहेर नेलं आणि उन्हात उभं केलं. काकांनी कवळी तोंडात बसवली आणि मागोमाग दोषदर्पण आणलं. दोन आरसे शेजारी ठेवल्यावर शाळकरी पोरालाही दिसलं असतं. एकाच्या काचेला पिवळी झाक, दुसऱ्याच्या काचेला निळी. अंधाऱ्या खोलीत, एकेक वेगळं बघितलं तर कळू नये इतकीच. लोकांनी आपापले रुमाल काढून आरशांसमोर धरले. काळ्या चष्म्यातल्या गृहस्थांनी चष्मा काढला. रुमाल पापी आहे की पुण्यवान, यावर जरा वेळ हसाहसी झाली, आणि तेवढ्यात महाराजांना ध्यानाची वेळ आठवली. ध्यान मागच्या दारानं करायचं होतं. शिष्य शाली गोळा करायला थांबला आणि सापडला, पण त्याला मारायचं सोडून काकांनी त्याला समोर बसवलं आणि कंडक्टरच्या कर्तव्याबद्दलचं अख्खं भाषण ऐकवलं. त्यापेक्षा मार बरा होता, असं तो नंतर म्हणाला म्हणतात.

मावशी या गमतीत नव्हत्या. त्यांनी सूनबाईला हाताला धरून उन्हात आणलं होतं. पापणी अलगद खाली ओढली आणि चिंधी डोळ्याशेजारी धरली.

डोळे हळदीसारखे पिवळे होते. पहिल्यापेक्षा जास्त. निळ्या काचेनं खरा पिवळेपणा खाऊन टाकला होता, आणि ज्यांना काहीच झालं नव्हतं त्यांना पिवळ्या काचेनं आजारी पाडलं होतं. सगळ्या रांगेत खरोखर आजारी असलेलं एकच माणूस होतं, आणि त्यालाच मावशींनी पास केलं होतं.  तिथून त्या तिला सरळ डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या. रागवायलाच हव्या होत्या. रक्त घेतलं, सूनबाईला दवाखान्यात ठेवलं, सलाईन लावलं. यकृताला सूज आहे, त्या म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. मग मावशींचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला आणि त्यांनी नीट समजावलं. पिवळा डोळा दिसला की यकृत, पित्त, रक्त यांच्याकडे बघायचं. लाल असेल तर धूळ, जागरण किंवा संसर्ग. कधी निळसर दिसतो, तेव्हा वरचा पडदा पातळ असतो किंवा अंगात रक्त कमी असतं. डाग तर कित्येकांना जन्मतःच असतात. "राग तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "असतं तर आज माझाच तपासला असता."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी कारखान्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. मशिनी थांबल्या होत्या, तरी मागच्यांना ऐकू येईना म्हणून त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"मी चुकले. मी पास म्हटलं म्हणून तुम्ही गेलात. मी नियम मोडला, आणि माझी सून दवाखान्यात आहे. माझी नजर चांगली आहे म्हणून माझं सगळं खरं, असं यापुढे कुणी धरू नका."

 कटिंगवाली बाई उठली, मावशींना पाणी आणून दिलं आणि आपल्या लाल डोळ्यांनी शेठकडे बघत राहिली. शेठनी थोडा वेळ छताकडे बघितलं, मग तिला उद्यापासून रजा घ्यायला सांगितलं. वर एक चष्माही मागवतो म्हणाले, भुग्यासाठी. आपण शुद्ध होऊन आलो होतो, हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

सूनबाई घरी आली ती काठीसारखी होऊन. हळूहळू जेवायला लागली, मग भांडायला लागली, आणि घरातल्यांचा जीव भांड्यात पडला. एका सकाळी ती खिडकीत येऊन उभी राहिली आणि मावशींना म्हणाली, "आई, बघा बरं. झाले का पांढरे?"

मावशींनी बघितलं. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. काकांना बोलावलं, मुलाला बोलावलं. तिघांनाही डोळे स्वच्छ पांढरे दिसले. "पास" हा शब्द मावशींच्या ओठांवर आला होता. इतका मनापासून तो त्यांना कधीच म्हणावासा वाटला नव्हता.

"मला पांढरे दिसतात," त्या म्हणाल्या. "पण मला दिसतात म्हणून ते आहेतच असं नाही. चप्पल घाल, रक्त तपासून येऊ."

अहवाल संध्याकाळी आला. अजून थोडी कावीळ होती. डोळ्यांत दिसण्याइतकी नव्हती, पण रक्तात होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच असतं, डोळे आधी साफ होतात, रक्ताला वेळ लागतो; आणखी काही दिवस औषध आणि विश्रांती, मग पुन्हा तपासू. बरं झालं आलात.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. आपले डोळे आपल्याला फसवू शकतात. चांगले डोळे तर जास्तच फसवतात, कारण त्यांच्यावर कुणी शंका घेत नाही. कुणी अंधाऱ्या खोलीत चमत्कार दाखवला तर तो उजेडात मागा, आणि उजेडात दाखवायला नाही म्हणाला तर उठून घरी या. घरातल्या कुणाचे डोळे पिवळे दिसले तर त्याच्या मनात कुणाबद्दल काय आहे ते शोधत बसू नका, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि बरा दिसायला लागला तरी पुन्हा एकदा तपासून घ्या, तुम्ही कितीही पारखी असलात तरी.